इतिहासाला वांशिक अभ्यासाची जोड
अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत इतिहास आणि वांशिक अभ्यास हे विषय एकत्र घेऊन पदवी मिळवता येते. इतिहास कागदपत्रे पारखायला शिकवतो. वांशिक अभ्यास त्या कागदांत कोणाचा आवाज उमटलाच नाही, हे शोधतो.

हा दुसरा विषय आंदोलनातून जन्मला. नोव्हेंबर 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन वंशाचे आणि मूलनिवासी विद्यार्थी संपावर गेले. चार महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या या संपातून 1969 मध्ये वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले.

दोन्ही विषयांचा मेळ सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील एंजल आयलंड या बेटावर दिसतो. 1910 ते 1940 या काळात चिनी स्थलांतरितांना तेथे अडकवून ठेवले जाई. त्यांच्या उलटतपासणीच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत, तर त्यांनी कोरलेल्या कविता बराकीच्या लाकडी भिंतींवर. विद्यार्थी हे दोन्ही पुरावे शेजारी ठेवून वाचतात.

भारतातून आलेले स्थलांतरित भगतसिंग थिंद यांचा खटलाही असाच अभ्यासला जातो. अमेरिकी सैन्यात सेवा केलेल्या थिंद यांना 'गोरे' न मानता सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. अशा अभ्यासातून अध्यापन, अभिलेखागार, संग्रहालय आणि कायदा या क्षेत्रांच्या वाटा खुल्या होतात.