वळवाचा पाऊस आणि शेतकऱ्याची दक्षता

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत जमीन तापते, दमट हवा वर चढते आणि सायंकाळी गडगडाटासह वळीव कोसळतो. त्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, उत्तरेकडील थंड हवा व उपसागरावरील दमट वारे एकत्र आल्यास गाराही पडतात. २०१४ साली अशा गारपिटीने जिल्ह्यात ज्वारी, द्राक्षे व डाळिंबे यांची मोठी हानी झाली.

शेतकरी बंधूंनी आभाळ भरून येताच खळ्यावरील कणसे व कडबा ताडपत्रीने झाकावा. वळवानंतर वापसा येताच कुळवाची पाळी द्यावी. पेरणी मात्र मृगाच्या पुरेशा ओलीवरच करावी. मेघगर्जना ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्के घर गाठावे व जनावरेही झाडाला बांधू नयेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. शेतावर निघण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.