भयाची चाहूल आणि सत्याची पारख

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत भीमजयंतीच्या वक्तृत्वाचा सराव चालला होता. नववीतील एक विद्यार्थी उत्तम बोलत होता. पहिल्या रांगेतून मी शेजारच्या शिक्षकांच्या कानाशी काही बोललो आणि तो मुलगा मध्येच थांबला. पुढचे वाक्य आठवेना, तेव्हा मान खाली घालून तो व्यासपीठावरून उतरला. रात्री वसतिगृहात त्याने विचारले, "सर, तुम्ही माझ्या उच्चारांविषयीच बोलत होता ना?" वास्तविक मी एवढेच विचारले होते, की मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतो आहे का?

मुलाच्या डोळ्यांना दिसले ते खरे होते. त्याचा अर्थ मात्र भीतीने पुरवला होता. धोक्याची चाहूल लागताच हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि लक्ष धोक्याच्या खुणांवर खिळते. शंभर चेहऱ्यांतील एक आठी तेवढी दिसते. मग माणूस तो प्रसंग टाळतो. त्यामुळे तात्पुरते हायसे वाटते. परंतु आपला अंदाज चुकला होता, हे कळण्याची संधीही हातची जाते.

मज्झिम निकायातील 'भयभेरव सुत्ता'त तथागतांनी जानुस्सोणि ब्राह्मणाला आपला संबोधीपूर्वीचा अनुभव सांगितला आहे. रात्री अरण्यात हरिण जवळून जाई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाला सळसळे आणि मनात येई, हेच ते भय आले काय? तेव्हा त्यांनी निश्चय केला, की चालताना भय आले तर चालतच आणि बसलेले असताना आले तर बसूनच त्याचे निवारण करायचे. भयाला न टाळता त्याच जागी त्याची पारख करण्याचा हा मार्ग आहे.

तथापि आपले प्रत्येक भय हा भ्रम नसतो. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मुंबईच्या महाविद्यालयात जाणारा आपला माजी विद्यार्थी आडनाव पुकारल्यावर मागून आलेल्या हशाने दचकतो. तो हशा कधी निरर्थक असतो, कधी खरोखरच अपमानाचा.

आपल्याच जिल्ह्यातील महाडचा इतिहास येथे आठवावा. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव संमत केला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांच्यामागे हजारो अनुयायी तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. मारणाऱ्यांचे भय अफवेवर पोसलेले होते. मार खाणाऱ्यांसमोरचा धोका प्रत्यक्ष होता. बाबासाहेबांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून रोखले आणि लढा न्यायालयातही लढवला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून विद्यार्थ्यांनी व पालकांनी घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. मन घाबरले की प्रथम काही क्षण श्वासाकडे लक्ष द्यावे. मग वहीत दोन रकाने आखावेत: मी काय पाहिले आणि त्याचा काय अर्थ लावला. शंका असेल तर त्या व्यक्तीलाच विचारावे. टाळलेल्या प्रसंगाला लहान लहान पावलांनी पुन्हा सामोरे जावे. अपमान खरा ठरला तर तो एकट्याने गिळू नये. शिक्षक, संघटना आणि कायदा यांचा आधार घ्यावा. झोप व भूक बरेच दिवस हरपली असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. पालकांनीही "घाबरतोस काय?" असे दटावण्याऐवजी "काय पाहिलेस?" असे विचारावे.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा त्याच व्यासपीठावर उभा राहिला. दोनदा अडखळला, पण खाली उतरला नाही. मी त्या वेळी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो. त्याचा आवाज तेथवर स्पष्ट पोहोचत होता आणि भाषण संपल्यावर मी त्याला तसे सांगितले.