रिकामा डबा

गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी टेबलाखाली वाकून बघतं. "ताई, सीपीयू कुठंय?" आपल्याकडे त्या उभ्या खोक्यालाच सीपीयू म्हणायची पद्धत पडली आहे, खरा सीपीयू म्हणजे आतली एक चिप. माझा अख्खा संगणक आता मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंवर लटकतो. पोळ्यांच्या डब्याहून लहान आहे.

वाईत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, वकिलांच्या नोटिसा, असली कामं. जुना खोका उन्हाळ्यात तापून तासातासाला बंद पडायला लागला, तेव्हा मुंबईतला भाचा म्हणाला, "मावशी, नवा टॉवर कशाला घेतेस? बेअरबोन घे. डबा मिळेल, आत काय भरायचं ते तुझं तू बघ."

बेअरबोन म्हणजे खरंच रिकामा डबा. मदरबोर्ड, त्यावर कायमचा बसवलेला प्रोसेसर, छोटा पंखा आणि लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर एवढंच मिळतं. रॅम, एसएसडी आणि ऑपरेटिंग सिस्टीम आपली आपण घालायची. ही चाल फार जुनी आहे, पण ती घरोघरी माहीत झाली इंटेलच्या 'नक' या चिमुकल्या संगणकामुळे, म्हणजे मिनी पीसीमुळे. २०१२ साली इंटेलने जेमतेम चार इंच बाय चार इंचाचा बोर्ड दाखवला. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतलं आणि पुढचं काम असूसने हाती घेतलं. तोवर चिनी, तैवानी डब्यांची रांग लागली होती.

मी घेतला तो डबा एन१०० प्रोसेसरचा. चार कोअर, आणि इंटेलच्या कागदावर वीज सहा वॉट. व्हिडिओ एडिटिंग, मोठे गेम त्याच्याकडून होणार नाहीत. अर्ज भरणं, स्कॅन करणं, पीडीएफ जोडणं यात मात्र तो कुठं अडत नाही.

आता पैशांचं. हा डबा स्वस्त दिसतो, पण तो स्वस्त पडतो ज्याच्या घरात डाळ-तांदूळ आधीच आहेत त्याला. माझ्याकडे बिजागरी मोडून, स्क्रीन फुटून पडलेला लॅपटॉप होता. त्यातली आठ जीबी रॅम काढली. मिनी पीसीला लॅपटॉपचीच आखूड रॅम लागते. टॉवरमधली लांब पट्टी चालत नाही. पण एन१०० चे काही डबे डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या जागेत शिरतच नाही. म्हणून मी आधी रॅमवरचं लेबल वाचलं आणि मग डबा निवडला. ज्यांना रॅम, एसएसडी, विंडोज सगळंच नव्याने घ्यायचंय त्यांनी सरळ भरलेला मिनी पीसी घ्यावा. बेरीज केली तर तो बहुधा तेवढ्यातच मिळतो.

चूक झाली एसएसडीत. ग्रँट रोडला उतरून भाच्याबरोबर लॅमिंग्टन रोड पालथा घातला आणि च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी घेतली. घरी आणून बसवली, तर बायोसमध्ये तिचं नावच नाही. सगळे स्क्रू पुन्हा काढले, पुन्हा घातले. शेवटी भाच्याने फोनवर फोटो मागवला आणि हसायला लागला. आकार तोच, पण एम.२ मध्ये दोन जाती: एक साटा, एक एनव्हीएमई. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक वेळा एकच. माझ्या डब्यातली जागा फक्त एनव्हीएमईची. डब्याच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

बसवणं मात्र कुणालाही जमेल. हात आधी लोखंडी कपाटाला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. रॅम तिरकी घालून खाली दाबायची, बाजूच्या पकडी टक्‌ करून लागतात. एसएसडीचा स्क्रू तिळाएवढा. खाली ताट ठेवा. (माझा पहिला अजून सापडलेला नाही.) आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका. नवी रॅम ओळखायला मशीनला कधी कधी मिनिटभर लागतं. मी धीर सोडून दोनदा वायर उपटली.

विंडोजचं लायसन्स घ्यायचं तर सगळी बचत त्यातच गेली असती. म्हणून पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट टाकलं, फुकट. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिब्रेऑफिस आहे, युनिकोड मराठी नीट उमटतं. प्रिंटरने एक अख्खी दुपार खाल्ली, ते मात्र लपवत नाही.

विजेचा फरक मी प्लगमध्ये मीटर लावून पाहिला. जुना खोका सत्तरच्या आसपास वॉट खायचा, हा दहाच्या आसपास. साठ वॉट, रोज दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस: साडेपंधरा युनिट. छोटा यूपीएसही आता कितीतरी जास्त वेळ तग धरतो.

डबा मॉनिटरमागे गेल्यावर पॉवरचं बटण हाताला येईना. बायोसमध्ये वीज आली की आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती लावून टाकली. सकाळी भिंतीवरचं बटण दाबते आणि उदबत्ती लावेपर्यंत मशीन तयार असतं.

जुना खोका भंगारात देणार होते. पण वकीलसाहेबांच्या वीस वर्षांच्या नोटिसांचे नमुने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत; नव्या मशीनवर ते उघडले की मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग येते. म्हणून पंखा पुसून तो आतल्या खोलीत ठेवलाय. महिन्यातून दोनदा, सकाळच्या गारव्यात, तासभर चालवते.