पडवीतले शिलाई मशीन

नगरपरिषदेच्या सभागृहात एरवी नगरसेवक बसतात त्या खुर्च्यांवर आज घरमालक बसले आहेत. जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत खरेदीखत, जुन्या पावत्या, वीजबिल आणि सगळ्यांत वर घडी पडलेली नोटीस. घरपट्टीची फेरआकारणी झाली आहे. ज्यांनी हरकत घेतली त्यांची आज सुनावणी.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 प्रमाणे आकारणी यादी चार वर्षांतून एकदा तरी नव्याने तपासावी लागते. पुष्कळ गावांत हे काम निविदा, निवडणूक, स्थगिती असे करत लांबते. मग कधीतरी ते एकदाचे होते आणि मधल्या सगळ्या वर्षांचे बांधकाम एकदमच बिलात उतरते: वर चढवलेला मजला, मागे जोडलेले न्हाणीघर, गच्चीवरचा पत्रा. दर जागचा न हलताही पट्टी दुप्पट होते ती अशी.

पहिले गृहस्थ उभे राहतात ते भाषणाच्याच तयारीने. "साहेब, गटार तुंबलंय, पाणी दिवसाआड, रस्त्याला खड्डे. पट्टी कशाची वाढवता?" मागच्या रांगेत माना डोलतात. साहेब नगररचना विभागाचे, प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी. ते सगळे ऐकून घेतात. मग म्हणतात, "काका, गटाराचा अर्ज खाली आरोग्य विभागात द्या. इथं मला क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष एवढंच दुरुस्त करता येतं. यातलं काय चुकलंय?"

काका गप्प. खरे तर त्यांचे घर दगडमातीचे आहे आणि यादीत ते आरसीसी पडले आहे. हे शेजारच्या मुलाने नोटीस वाचून सांगितले, तेव्हा कुठे त्यांच्या अर्जाला अर्थ आला. दिवसभर पाहिले तर सुनावणीत हेच पुन्हा पुन्हा घडते. तक्रार रागाच्या भाषेत येते आणि निकाल चौरस मीटरच्या भाषेत लागतो. मधला दुभाषा ज्याला सापडला, त्याची पट्टी उतरते.

हिशेब तसा अवघड नाही. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती मिळेल, याचा अंदाज हा त्याचा पाया. समजा, 60 चौरस मीटरच्या घराला दर चौरस मीटरला महिना 10 रुपये दर धरला, तर महिन्याचे 600 आणि वर्षाचे 7200. दुरुस्तीखर्चापोटी 10 टक्के वजा केले की उरतात 6480. हे करयोग्य मूल्य. पुढचे सगळे टक्के यावर. म्हणून सर्वेक्षण करणाऱ्याची टेप जिन्याशी जरा सैल पडली, की चूक दरवर्षी बिलातून परत येते.

दुपारी एक बाई येतात. त्यांच्या पडवीत शिलाई मशीन आहे. मोजणीला आलेल्या एजन्सीच्या पोराने ते पाहिले आणि वापराच्या रकान्यात 'बिगरनिवासी' लिहून मोकळा झाला. बाईंना कायदा ठाऊक नाही, पण जुने बिल आणि नवे बिल त्यांनी ओळीला ओळ लावून पाहिले आहे. "हा रोजगार हमी कर मागच्या बिलात नव्हता." बोट बरोबर जागी आहे. राज्य सरकारचा तो कर नगरपरिषद बिलातून वसूल करते, आणि तो राहत्या घराला लागत नाही. एका ओळीने सांगून टाकले की कार्यालयाच्या लेखी ही पडवी म्हणजे दुकान. "पिको-फॉल करते, तेही सणासुदीला," बाई सांगतात. साहेब फाइलवर 'स्थळपाहणी' लिहितात.

नसलेला भाडेकरू सिद्ध करणे त्याहून कठीण. तीन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेला माणूस यादीत अजून राहतो आहे. तो गेल्याचा दाखला देणार कोण? पुण्यात याची उलटी बाजू दिसली. तिथे या कराला मिळकतकर म्हणतात (कोल्हापुरात घरफाळा, गाव बदलले की नाव बदलते). स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्क्यांची सवलत मध्यंतरी काढून घेतली गेली आणि 2023 मध्ये पुन्हा दिली गेली. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज भरून, आपल्या घरात आपणच राहतो, हे पुराव्यानिशी दाखवावे लागले.

मुंबईत 2010 पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्याचा हिशेब आला. तिथला वादही शेवटी मोजणीपाशीच पोचला. जमिनीवर उद्या किती चटईक्षेत्र बांधता येईल, ते आजच्या करात धरायचे का? मालमत्ताधारक उच्च न्यायालयात गेले. 2019 मध्ये ते धरायला सांगणारे नियम रद्द झाले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अर्थात तिथे नामवंत वकील उभे होते. इथे शेजारचा मुलगा आहे.

चार वाजता एक वेगळाच अर्जदार येतो. त्याच्या मागच्या दोन खोल्या यादीत नाहीत, आणि त्या घ्या, असे तो म्हणतो. बांधकाम परवानगी नाही. पण पावती फाटली की घर पक्के, अशी त्याची समजूत. कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही आणि वर शास्ती लागू शकते, हे साहेब दोनदा समजावतात. तो म्हणतो, "लागू दे. नाव तरी येईल."

तीन दिवसांनी कर निरीक्षक शिलाई मशीनवाल्या बाईंच्या दारात. पडवी पुन्हा मोजायची. सोबतचा शिपाई आलेला नाही, म्हणून टेपचे एक टोक बाईंच्याच हातात. त्या ते भिंतीला घट्ट दाबून धरतात. निरीक्षक आकडा लिहितो, वापर 'निवासी' करतो, आणि वही मिटता मिटता त्याचे लक्ष मागच्या दाराकडे जाते. तिथे नवा पत्रा चकाकतो आहे.

"हे कधी घातलं?" तो विचारतो, आणि टेप पुन्हा उघडतो.