टाळ चुकला, पडदा सांगेल

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला, संत नामदेवांच्या गावी, पोरं भजनात बसूनच टाळ शिकतात. चुकलं की बुवांची नजर पुरते. विद्यापीठाच्या वर्गात ती नजर कुठून आणायची? तालाचा डिजिटल खेळ थोडी मदत करतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. बोट किती आधी वा उशिरा पडलं, हे खेळ मिलिसेकंदांत मोजतो. पण ब्लूटूथ हेडफोनमधून आवाजच १००-२०० मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो. ती तफावत आधी जुळवली नाही, तर लयीत वाजवणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो.

सुरांचं काम अवघड. मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेने अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठासोबत रागगायनाचे चलत् आलेख तयार केले. त्यांत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, रेषेसारखी वळताना दिसते. त्या रेषेवर आपला सूर चालवण्याचा खेळ मला फार हवासा वाटतो.