सिग्द : डोंगर चढून साजरा होणारा सण

सण म्हटला की गोडधोड, नवे कपडे आणि पाहुणेरावळे डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या समाजाला जमीन नाही, सत्ता नाही आणि ज्याचे नाव इतरांनीच ठेवले, त्या समाजाला सणाचा आणखी एक उपयोग असतो. आपण कोण आहोत हे तो वर्षातून एकदा उघड्यावर उभा राहून सांगतो. इथिओपियातील ज्यू बांधवांचा ‘सिग्द’ हा असाच सण आहे. आपल्या घरातील मुलाबाळांना त्याची माहिती व्हावी म्हणून हा लेखप्रपंच.

हे लोक कोण?

इथिओपियाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, गोंदार शहराच्या आसपास, हे ज्यू शेकडो वर्षे राहत होते. ते स्वतःला ‘बेटा इस्राएल’, म्हणजे इस्राएलचे घराणे म्हणवीत. शेजारी मात्र त्यांना ‘फलाशा’ म्हणत. परका, उपरा, बिनजमिनीचा असा त्या शब्दाचा रोख. जमिनीच्या हक्काला मुकल्यामुळे पुरुष लोहारकाम आणि विणकाम करीत, बाया मातीची भांडी घडवीत. त्यांनी घडविलेला नांगराचा फाळ शेजाऱ्यांना हवा असे. पण लोहाराची नजर बाधते, तो रात्री तरसाचे रूप घेतो, असेही तेच शेजारी सांगत. हाताची वस्तू चालते, पण हात चालत नाही! हा न्याय आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

सण कसा होई?

योम किप्पुर हा ज्यूंचा मोठा उपवासाचा दिवस. त्यानंतर पन्नासाव्या दिवशी, हेश्वान महिन्याच्या २९ तारखेला सिग्द येतो. इंग्रजी महिना बहुधा नोव्हेंबर. तिकडचा मोठा पावसाळा तोवर सरलेला असतो. गावोगावचे लोक पायी चालत ठरलेल्या डोंगराशी जमत. अंगावर स्वच्छ पांढरी वस्त्रे, पोटात उपवास. त्यांच्या धर्मगुरूंना ‘केस’ म्हणतात. रंगीबेरंगी छत्र्यांखाली हे धर्मगुरू ‘ओरित’ हा पवित्र ग्रंथ घेऊन पुढे चालत आणि मागून सारा समाज डोंगर चढे.

सिग्द या शब्दाच्या मुळाशी गीझ या जुन्या भाषेतील नमन करणे, लवणे हा अर्थ आहे. माथ्यावर ग्रंथवाचन होई. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांना एज्राने भर सभेत नियमशास्त्र वाचून दाखविले, तो भाग त्यात असे. जेरुसलेमला पोचण्याची प्रार्थना होई. दुपारनंतर लोक खाली उतरत, उपवास सुटे, ‘दाबो’ नावाची जाड भाकरी वाटली जाई आणि मग गाणे-नाचणे चाले.

पोचले, पण…

१९८४-८५ साली ‘ऑपरेशन मोझेस’ या मोहिमेत सुमारे ८,००० लोकांना सुदानमार्गे इस्रायलला नेण्यात आले. सुदानपर्यंतची वाट त्यांनी पायी तुडविली होती. त्या वाटेवर आणि तेथील छावण्यांत सुमारे ४,००० माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. पुढे २४-२५ मे १९९१ रोजी ‘ऑपरेशन सॉलोमन’मध्ये अवघ्या ३६ तासांत १४,००० हून अधिक लोक विमानांनी नेले गेले.

ज्या भूमीसाठी पिढ्यान् पिढ्या डोंगर चढले, तेथे मानाने स्वागत झाले असे मात्र म्हणता येत नाही. तुम्ही खरेच ज्यू आहात का, अशी शंका धर्मपीठाने काढली आणि शुद्धीसारखा विधी करण्यास सांगितले. त्याविरुद्ध १९८५ साली जेरुसलेममध्ये या लोकांनी महिनाभर धरणे धरले. १९९६ साली उघडकीस आले की, त्यांनी दान केलेले रक्त रोगाच्या भीतीने गुपचूप फेकून दिले जात होते. हजारो लोक रस्त्यावर उतरले.

अशा काळात सिग्द कामी आला. जेरुसलेमच्या जुन्या शहरासमोरील टेकडीवर दरवर्षी हजारो लोक जमू लागले. अखेर २००८ साली तेथील संसदेने कायदा करून सिग्दला राष्ट्रीय सणांच्या यादीत स्थान दिले. त्या दिवशी नोकरदाराला ऐच्छिक सुट्टी घेता येते. आम्हा कारकुनांना ऐच्छिक सुट्टीची यादी म्हणजे काय ते ठाऊक आहे. ज्यांचा सण यादीत, त्यांचीच सरकारदरबारी गणती!

मराठी धागा

हा अनुभव केवळ इथिओपियाच्या ज्यूंचा नाही. आपल्या कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे तेल गाळणारे ‘शनिवार तेली’, इस्रायलला गेले तेव्हा लग्नाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासण्याचा फतवा निघाला होता. त्यांनीही जेरुसलेममध्ये ठाण मांडले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि फतवा मागे घ्यावा लागला.

त्यांचे सणही अस्सल मराठी नावांचे : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घालून केलेली मलिदा एलियाहू हन्नबीच्या नावाने आजही तिकडे मराठी घरांत होते.

मोरोक्कोच्या ज्यूंची ‘मिमूना’ही अशीच. वल्हांडणाचा सण संपला की त्या रात्री घराची दारे सताड उघडी टाकायची आणि येईल त्याला लोणी-मध लावलेली पातळ ‘मुफलेता’ वाढायची, ही रीत. आठवडाभर घरात खमिराचे पीठ नसे. ते घेऊन मुसलमान शेजारी येत. शेजारधर्माचा हा धडा घेण्यासारखा आहे.

आज

अलीकडे अमेरिकेतील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांत आणि शाळांतही सिग्द साजरा होऊ लागला आहे. तेथील बहुतेकांचे पूर्वज युरोपातले. त्यांनी आफ्रिकेतील काळ्या बांधवांचा सण आपला म्हणावा, ही गोष्ट लहान नाही. मात्र नुसती भाकरी खाऊन आणि नाच पाहून भागणार नाही. धरणे, फेकलेले रक्त आणि सुदानच्या वाटेवरची ४,००० माणसे हीसुद्धा त्या मुलांना सांगितली पाहिजेत, असे आम्हाला वाटते.

माता-भगिनींना एवढीच विनंती की, येत्या नोव्हेंबरात एखाद्या संध्याकाळी मुलांना नकाशावर इथिओपिया दाखवा आणि ही हकिकत सांगा. ‘फलाशा’ हे शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव आणि ‘बेटा इस्राएल’ हे त्यांचे स्वतःचे, हा फरक त्यांना जरूर समजावून द्या.