पडतळीच्या खालचा भाव म्हणजे तोटाच?

"पडतळीच्या खाली एक नगही द्यायचा नाही." कारखानदारीत हे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की त्यामागचा हिशेब कुणी तपासतच नाही. माग बंद राहतात आणि चांगल्या ऑर्डरी परत जातात.

उदाहरणादाखल सोलापुरातला टेरी टॉवेलचा एक कारखाना घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले. महिन्याला 10,000 नग निघू शकतात, मागणी 7,000 ची. सूत 110 रुपये, रंगाई-धुलाई आणि वापरलेली वीज 25, नगावर ठरलेली मजुरी 25. एका टॉवेलमागे 160 रुपये जातात. शेडचं भाडं, सुपरवायझरचा पगार, विमा, वीजबिलातला स्थिर आकार असे महिन्याचे साडेतीन लाख वेगळे. ते 7,000 नगांवर वाटले की नगामागे 50. पडतळ झाली 210, नेहमीचा भाव 250. अशात एक हॉटेल स्वतःचं नाव विणलेले 2,000 टॉवेल 185 रुपयांनी एकदाच मागतं. मालक नाही म्हणतो, कारण नगामागे 25 रुपये तोटा!

हा तोटा येतो कुठून? साडेतीन लाख ऑर्डर घेतली तरी भरायचे, नाही घेतली तरी भरायचेच. ऑर्डरमुळे वाढतो तो नगामागे 160 रुपयांचा खर्च आणि नाव विणण्यासाठी जकार्डच्या डिझाइनचे, समजा, 12,000. नगामागे 25 प्रमाणे 50,000 सुटतात, डिझाइन वजा जाता 38,000 उरतात. मालकानं नाकारले ते हे 38,000.

"पण 210 चा आकडा अकाउंटंटनंच दिला ना?" दिला, पण वेगळ्या कामासाठी. लेखा मानक 2 नुसार शिल्लक मालाचं मूल्य काढताना कारखान्याचा स्थिर खर्च मालावर चढवावा लागतो. त्यातही उत्पादन घटलं म्हणून नगामागचा बोजा वाढवू नये, असं तेच मानक बजावतं. कोणता खर्च मोजायचा हे समोरच्या निर्णयावर ठरतं, ही मांडणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी 1923 मध्येच केली होती. शंभर वर्षांनंतरही ती आपल्या शेडपर्यंत पोहोचू नये, याची चीड येते.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच महाग पडतो: ऑर्डर जितकी मोठी, तितका फायदा. त्याच हॉटेलनं 4,000 नग मागितले तर? रिकामी क्षमता 3,000 ची. उरलेल्या 1,000 नगांसाठी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा माल थांबवावा लागेल, आणि त्या प्रत्येक नगावर 90 रुपये सुटत होते. ऑर्डरचे एक लाख, त्यातून डिझाइनचे 12,000 आणि बुडालेले 90,000 वजा केले की 2,000 रुपये खिशातून जातात.

गोदामातलं सूत जुन्या स्वस्त भावाचं आहे, म्हणून खर्च कमी? तेच सूत नेहमीच्या मालाला लागत असेल तर पुन्हा आजच्या भावानं घ्यावं लागेल. हिशेबात आजचाच भाव धरायचा. कामगार नगावर नसून पगारी असतील, तर मजुरी वाढणार नाही? जादा वेळ थांबवलं तर कायद्यानं दुप्पट दर द्यावा लागतो. "एकदाच" म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही 185 लाच अडून बसलं, किंवा नेहमीच्या व्यापाऱ्याला तो भाव कळला, तर 250 चा भाव टिकवणं अवघड. हॉटेलचं नाव विणलेला टॉवेल बाजारात सहज मिसळत नाही, एवढाच आधार. आणि मोठं गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा पैसे देणार, हेही मुकाट मान्य करायचं कारण नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या कायद्यानुसार, करारात काहीही लिहिलं तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत.